एका नोकरीसाठी किती चाळण्या?

लाखनी तालुक्यात आज पदवी मिळवणे अवघड राहिलेले नाही. अवघड झाले आहे ते पदवी आणि पहिला पगार यांच्यामधले अंतर कापणे. हे अंतर कसे वाढत गेले याचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. दर काही वर्षांनी भरतीत एखादी नवी परीक्षा किंवा नवी फेरी जोडली गेली, जुनी मात्र सहसा कोणी काढली नाही.

आधीच्या पिढीची सुरुवात सेवायोजन कार्यालयाच्या कार्डाने होई. 1959 च्या कायद्याने रिक्त जागा या कार्यालयाला कळवणे बंधनकारक होते. कार्यालय नावे पाठवी, मुलाखतीचे पत्र येई आणि एका बैठकीत निकाल लागे. 1982 साली आपल्या तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आला, तेव्हा आयटीआय करून कारखान्यात लागण्याची वाट मुलांना घराजवळ दिसू लागली. कार्यालयाच्या त्या पद्धतीतही दोष होते. यादीत नाव येण्यासाठी वर्षे जात, वशिला चाले. केवळ कार्यालयाच्या यादीवर विसंबू नका, जाहिरात देऊन सर्वांना संधी द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले. दार सर्वांना उघडले, ते योग्यच झाले. पण गर्दी वाढली आणि गर्दीबरोबर चाळण्याही वाढल्या.

शिक्षकभरतीत हे सर्वात स्पष्ट दिसते, आणि आपल्या भागाला ते सर्वात जास्त लागले. धानाच्या या पट्ट्यात हुशार मुलाला, त्याहून मुलीला, घरचे सांगत, ‘डीएड कर, मास्तरकी लागेल.’ बारावीचे चांगले गुण आणि दोन वर्षांचे डीएड एवढ्यावर जिल्हा परिषदेची शाळा मिळत होती. 2010 साली राज्याने भरतीसाठी सीईटी घेतली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत खोटी पटसंख्या उघड झाली आणि मे 2012 मध्ये शिक्षकभरती थांबवण्यात आली. फसवणूक पट फुगवणाऱ्यांनी केली, शिक्षा वाट पाहणाऱ्या डीएडधारकांना झाली.

त्याच काळात शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आली. राज्याची पहिली टीईटी 15 डिसेंबर 2013 रोजी झाली. ती पास झालेल्यांना वाटले, आता नोकरी. तसे झाले नाही. 2017 मध्ये शिक्षकभरतीचे ‘पवित्र’ पोर्टल आणि अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी (टीएआयटी) आली. दोनशे प्रश्न, दोन तास. टीईटीचे गुण निवडीत धरलेच जात नाहीत. ती फक्त आत येण्याची परवानगी, खरी स्पर्धा टीएआयटीच्या गुणांवर. डिसेंबर 2017 मध्ये ही चाचणी दिलेल्यांची पहिली मोठी यादी लागली ऑगस्ट 2019 मध्ये. खासगी संस्थांच्या बऱ्याच जागांसाठी तर त्यानंतरही मुलाखत आणि पाठ घेऊन दाखवणे बाकीच होते.

चाळण्या वाढल्याने भरती स्वच्छ झाली असती तरी हे सारे सोसले असते. पण 2021 च्या अखेरीस टीईटीचा गैरव्यवहार उघडकीला आला. गुण वाढवून किंवा बनावट प्रमाणपत्र दाखवून पात्र ठरलेल्या साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेला कारवाई करावी लागली. प्रत्येक नवी फेरी म्हणजे दलालाला बसायला आणखी एक जागा, हा धडा त्यातून घ्यायला हवा होता.

दुसरी टीएआयटी फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये झाली. तिची यादी फेब्रुवारी 2024 मध्ये आली आणि अकरा हजारांहून अधिक उमेदवारांची शिफारस झाली. तरीही वाट संपली नाही. निवड झालेला तीन वर्षे मानधनावर शिक्षणसेवक राहतो. प्राथमिकचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार झाले तेही 2023 साली. आणि 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. वीस-वीस वर्षे वर्ग सांभाळलेली माणसे पुन्हा परीक्षेच्या अभ्यासाला लागली आहेत.

मास्तरकीचा नाद सोडून इंजिनिअरिंगकडे वळलेल्यांना वेगळे काही मिळाले का? तिथे ऑनलाइन चाचणी, टेक्निकल राउंड, मॅनेजरचा राउंड, एचआर राउंड अशी रांग असते आणि चारही क्लिअर केल्यावर ‘कळवतो’ हे उत्तर येते. ऑफर लेटर हातात आले म्हणजे सुटलो असेही नाही. इन्फोसिसने 2022 च्या तुकडीतल्या मुलांना ऑफर दिली, त्यांतल्या अनेकांना जॉइनिंग मिळाले 2024 मध्ये. मग म्हैसूरच्या प्रशिक्षणात अंतर्गत चाचण्या झाल्या आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवण्यात आले. चाचणीची अट करारात होती, असे कंपनीने सांगितले. अट असेलही. पण दोन वर्षे थांबवून ठेवलेल्या मुलाचा त्या दोन वर्षांवर काही हक्क नव्हता का?

फेरीचा खर्च सर्वांना सारखा पडत नाही. पुण्यात राहणारा उमेदवार तिसऱ्या राउंडला अर्ध्या दिवसात जाऊन येतो. लाखनीच्या मुलाला आधी ऐंशीएक किलोमीटरवरचे नागपूर गाठायचे, तिथून रात्रभराची गाडी, शहरात कुणाकडे तरी मुक्काम, परतीचे तिकीट. रोवणीचे दिवस असले तर घरी दोन हात कमी. मुलीसोबत कुणीतरी जावे लागते, म्हणजे खर्च दुप्पट. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत कोण टिकतो हे हुशारीपेक्षा घरच्या ऐपतीवर ठरू लागते. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. निवड गुणवत्तेची होते असे म्हणायचे आणि मोजायची मात्र थांबण्याची ताकद.

एवढ्या फेऱ्यांनी माणूस तरी अधिक चांगला कळतो का? गुगलने स्वतःच्या भरतीची छाननी केली तेव्हा चार मुलाखतींनंतर अंदाजात फारशी भर पडत नाही, असे आढळले. हे त्यांचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी 2015 च्या पुस्तकात नोंदवले आहे. मुलाखतींवरचे संशोधनही सांगते, की सर्वांना तेच प्रश्न, तीच गुणपद्धती ठेवलेली एक मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा जास्त खरी ठरते. आणि फेरी काढता येते, याचे उदाहरण देशातच आहे. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. त्यामुळे कचेऱ्या बंद पडल्या नाहीत.

गर्दी खरी आहे, हे मान्य. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. एवढ्यांमधून निवडायचे तर परीक्षा लागणारच. पण एक नीट घेतलेली परीक्षा आणि गरज असेल तिथे एक नीट घेतलेली मुलाखत, एवढे पुरेसे असायला हवे. त्यापुढची प्रत्येक फेरी म्हणजे निवडणाऱ्याने आपली शंका उमेदवाराच्या खर्चाने फेडून घेणे आहे.

म्हणून मागणी साधी आहे. शासनाने जाहिरातीतच परीक्षेची, यादीची आणि नियुक्तीची तारीख द्यावी आणि ती पाळावी. कंपन्यांनी पहिल्या कॉललाच एकूण किती राउंड होतील ते सांगावे, सुरुवातीचे राउंड ऑनलाइन घ्यावेत आणि प्रत्यक्ष बोलावले तर प्रवासखर्च द्यावा. नकार असेल तर तोही लेखी कळवावा. सुरुवात आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि कारखान्यांनाही करता येईल. त्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहायला नको. आणि फेऱ्या मारणाऱ्या मुलामुलींना एकच सांगणे आहे : किती फेऱ्या, निकाल कधी, हे पहिल्याच दिवशी विचारा. हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नाही, तो तुमचा हक्क आहे.