पोट फुगलं, म्हणून एरंडेल?

सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनही झालं. आता चौथ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, वारा सरत नाही. अंबरनाथ असो की बदलापूर, घरात पहिली आठवण होते ती एरंडेलाची. भगिनींनो, तेवढं मात्र करू नका!

आतड्यात गाठ नाही, पीळ नाही, तरी ते हालचालच थांबवून बसतं. मोठ्या आतड्याच्या या खोट्या अडथळ्याचं वर्णन ऑगिल्व्ही या इंग्रज सर्जननं १९४८ साली केलं. रक्तातलं पोटॅशियम घटणं, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, अंथरुणाला खिळणं, ही कारणं. (आणि दोष मात्र कालच्या वांग्याच्या भाजीला!)

खरा की खोटा, हे पोट चाचपून कळत नाही. एक्स-रे, सीटी स्कॅन लागतो. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा जवळचं मोठं इस्पितळ लगेच गाठा. तोंडानं काही न देता सलाईन, नाकातून नळी, पोटॅशियमची भरपाई, एवढ्यानं पुष्कळांचं भागतं. नाहीच, तर निओस्टिग्मिनचं इंजेक्शन. तेही हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून. मग दुर्बिणीतून हवा काढतात. आतडं १२ सेंटिमीटरहून अधिक फुगलं तर फुटण्याची धास्ती असते.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. कोडीनचं खोकल्याचं औषधसुद्धा.