एकाच पडद्यावरील ध्वनिसंपादन : खानदेशी गीतांच्या संग्राहकासाठी सॉफ्टवेअरची निवड

अमळनेर व त्याच्या आसमंतातील गावांत अहिराणी गीतांचा जो साठा अद्यापि कंठस्थ आहे, त्याचा बराचसा भाग विशिष्ट प्रसंगांशी निगडित आहे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरील गाणी, श्रावणातील कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी ही त्या त्या दिवसांतच मोकळेपणाने गायिली जातात. वयोवृद्ध गायिका एकदा रंगात आली म्हणजे कडव्यामागून कडवे येत राहते. मध्येच तिला थांबविले, तर तो प्रवाह पुष्कळदा पुन्हा जुळत नाही. अशा वेळी संग्राहकापुढे बहुधा एकच लॅपटॉप असतो आणि त्याला एकच पडदा. म्हणून कोणते सॉफ्टवेअर निवडावे हा प्रश्न वरकरणी यांत्रिक वाटला, तरी गीत संपूर्ण हाती लागणे किंवा निसटणे काही अंशी त्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ह्या निवडीची तत्त्वे मांडावयाची आहेत. ध्वनिमुद्रणाच्या परिभाषेत ‘मॉनिटर’ म्हणजे ऐकण्याचा स्पीकरही होय. येथे मात्र संगणकाचा पडदा एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

ध्वनिसंपादनाच्या कामात तीन दृश्ये लागतात. पहिले काळाच्या पटाचे : त्यात प्रत्येक आवाजाची पट्टी, म्हणजे ट्रॅक, डावीकडून उजवीकडे सरकत जातो. दुसरे मिक्सरचे : त्यात प्रत्येक ट्रॅकची पातळी कमी-अधिक करता येते. तिसरे तपशिलाचे : त्यात एखादा तुकडा मोठा करून पाहता येतो किंवा त्यावरील संस्कार बदलता येतात. दोन पडदे असतील तर एकावर काळाचा पट व दुसऱ्यावर मिक्सर कायम ठेवता येतो. एकच पडदा असला म्हणजे एक दृश्य पाहण्यासाठी दुसरे झाकावे किंवा आखडावे लागते.

येथे खरी टंचाई रुंदीची नसून उंचीची आहे. १३६६ × ७६८ पिक्सेलच्या पडद्याचे उदाहरण घेऊ. वरच्या पट्ट्यांना १२०, तळच्या पट्टीला ४० आणि मिक्सरला २५० पिक्सेल दिले, तर काळाच्या पटासाठी ३५८ उरतात. प्रत्येक ट्रॅकची उंची ६० धरली, तर सहा ट्रॅकही पुरते मावत नाहीत. हाच हिशेब १९२० × १०८० च्या पडद्यावर केल्यास अकरा ट्रॅक बसतात. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये सोयी किती आहेत, ह्यापेक्षा त्यातील दृश्ये एकमेकांस जागा कशी करून देतात, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

ह्या दृष्टीने प्रचलित सॉफ्टवेअरचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात दोन पूर्ण दृश्ये आलटूनपालटून समोर येतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रो टूल्समध्ये संपादन आणि मिक्सर अशा दोन स्वतंत्र खिडक्या आहेत. २००१ साली आलेल्या एबलटन लाइव्हमध्ये तुकड्यांची मांडणी व काळाचा पट यांची अदलाबदल टॅब ह्या एकाच कळीने होते. दुसऱ्या वर्गात एकच खिडकी असून तिच्या तळाचा भाग हवा तेव्हा उघडतो व मिटतो. स्टुडिओ वनची रचना अशीच आहे. क्यूबेसने २०१६ सालच्या नवव्या आवृत्तीत असा तळभाग आणला. वेव्हफॉर्म, म्हणजे पूर्वीचे ट्रॅक्शन, हे तर एका पडद्याची कल्पना धरूनच रचलेले आहे : डावीकडे आवाज आत येतो, मध्ये त्याचा पट आणि उजवीकडे संस्कार. त्याची एक आवृत्ती विनामूल्य मिळते. तिसऱ्या वर्गात खिडक्या मोकळ्या तरंगतात. एफएल स्टुडिओ ह्याचे ठळक उदाहरण होय. त्यात एफ५ ने पट व एफ९ ने मिक्सर समोर येतो. ह्या कळा अंगवळणी पडल्या नाहीत, तर खिडक्यांखाली खिडक्या दडून गोंधळ होतो. रीपर ह्या तिन्हींचा मेळ घालते : खिडक्या कडेला डकवता येतात आणि संपूर्ण मांडणी साठवून एका कळीने परत आणता येते. ते ६० दिवस तपासून पाहता येते व व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो.

निवड कामाच्या स्वरूपावरून करावी. ठेका, वाद्ये व गायन संगणकावरच जुळवून नाचाचे अहिराणी गाणे तयार करावयाचे असेल, तर एबलटन लाइव्ह किंवा एफएल स्टुडिओ उपयुक्त आहे. परंतु दोन-चार मायक्रोफोनवरून प्रत्यक्ष गायन टिपावयाचे असेल, तर एका खिडकीची रचना अधिक श्रेयस्कर. ध्वनिमुद्रण चालू असताना आवाजाची पातळी दर्शविणारा काटा एक क्षणही झाकला जाऊ नये. तो झाकला की आवाज फाटल्याचे घरी गेल्यावरच कळते, आणि तोवर आखाजी सरलेली असते.

घेण्यापूर्वी स्वतःच्याच संगणकावर पाच मिनिटांचे गायन टिपून चार गोष्टी तपासाव्यात. पातळी सतत दिसते काय? पटावरून मिक्सरकडे जाऊन परतल्यावर पूर्वीचे ठिकाण कायम राहते काय? संस्काराची खिडकी उघडल्यावर चालू जागा झाकली जाते काय? ट्रॅकला देवनागरीत दिलेले नाव स्वच्छ वाचता येते काय? ह्या चारही कसोट्यांस उतरलेले साधे सॉफ्टवेअर, त्यांत उणे पडणाऱ्या महागड्यापेक्षा केव्हाही बरे.

अखेरचा मुद्दा जतनाचा. सॉफ्टवेअरची प्रकल्प-फाइल त्या सॉफ्टवेअरशी बांधलेली असते. मूळ ध्वनी मात्र वेव्ह स्वरूपात वेगळा ठेवता येतो. ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट ह्या मापाने एका मायक्रोफोनच्या एका तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट जागा लागते. ती दोन ठिकाणी ठेवणे आज अवघड नाही. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या गेल्या. त्या संग्रहाचे मोल ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदले गेल्यामुळे वाढले आहे. खानदेशातील संग्राहकानेही गायिकेची संमती घेऊन गीताचे शब्द, तिचे नाव, गाव व प्रसंग मूळ ध्वनीसोबत लिहून ठेवावा. पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी ती नोंद व तो आवाज पुढच्या अभ्यासकाला वापरता येईल.