अज्ञानाचा सातबारा

नास्तिक माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘विज्ञानाला सगळं कळलंय का?’ याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते आणि ते दिले की वाद निकाली निघाला, अशी विचारणाऱ्याची समजूत होते. विश्व मुळात का आहे, निर्जीव द्रव्यातून पहिला जीव कसा उभा राहिला, मेंदूतल्या पेशींच्या व्यवहारातून ‘मी’ ही जाणीव कशी उमटते, यांतल्या एकाही प्रश्नाचे पूर्ण उत्तर आज विज्ञानाकडे नाही. मग जे विज्ञानाला ठाऊक नाही ते देवाचे, असा सरळ हिशेब मांडला जातो. दुसऱ्या बाजूलाही अशीच घाई करणारे आहेत. देव नाही हे विज्ञानाने सिद्ध करून टाकले आहे, असे ते ठणकावून सांगतात. माझ्या मते हे दोन्ही दावे एकाच चुकीवर उभे आहेत. आपली माहिती जिथे संपते, तिथून पुढची जमीन आपोआप कोणाच्याच मालकीची होत नाही. तिच्या सातबाऱ्यावर नाव लावायचे तर कागद दाखवावा लागतो. हा नियम आस्तिकाला लागू आहे, तसाच नास्तिकालाही.

आधी नास्तिक म्हणायचे कोणाला हे पाहू, कारण या शब्दाचा अर्थ आपल्याच परंपरेत बदलत आला आहे. जुन्या दर्शनांत वेदांचे प्रामाण्य मानतो तो आस्तिक आणि नाकारतो तो नास्तिक, अशी वाटणी होती. देव मानण्या-न मानण्याशी तिचा थेट संबंध नव्हता. म्हणून तर जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे पूर्वमीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसले. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सगळा विचार प्रकृती आणि पुरुष यांचा आहे, सृष्टी घडवणारा ईश्वर तिथे येत नाही, तरी सांख्यही आस्तिकच. जैन, बौद्ध आणि चार्वाक मात्र नास्तिक ठरले, आणि त्यांतले पहिले दोघे तर पुनर्जन्म मानणारे. आज आपण हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो. ‘देव आहे असे मानायला मला पुरेसे कारण दिसत नाही, म्हणून मी मानत नाही’ असे म्हणणारा तो आजचा नास्तिक. त्यापुढे जाऊन ‘देव नाहीच’ अशी खात्री बाळगणारेही आहेत, पण या भूमिकेचा गाभा पहिल्याच वाक्यात आहे. देव आहे की नाही हे कळण्याचे साधनच माणसाजवळ नाही, असे म्हणणाऱ्याला आपण अज्ञेयवादी म्हणतो. या अर्थाचा इंग्रजी शब्द थॉमस हक्स्ले या जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये घडवला. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांची गणना सहसा अज्ञेयवाद्यांतच होते. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उगवल्या याचा शोध घेतला. थोडक्यात, नास्तिकांचा एक ग्रंथ नाही, एक आचारसंहिता नाही, आणि विज्ञान सर्वज्ञ आहे असे मानण्याची अटही नाही.

मग विज्ञानाचा आणि या भूमिकेचा संबंध नेमका काय? तो समजायला २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस उपयोगी पडतो. त्या दिवशी गणपतीची मूर्ती दूध पिते ही बातमी दिल्लीपासून सगळ्या देशभर आणि परदेशातल्या मंदिरांपर्यंत काही तासांत पोचली, आणि लोक दुधाची भांडी घेऊन रांगा लावून उभे राहिले. काठोकाठ भरलेला चमचा किंचित कलता धरून सोंडेला टेकवला की चमच्याच्या कडेवर फुगलेले दूध दगडाला चिकटते. पृष्ठताणामुळे ते सोंडेकडे ओढले जाते, आणि तिथून मूर्तीच्या अंगावरून इतक्या पातळ थरात खाली उतरते की ओल्या, पांढऱ्या दगडावर ते डोळ्यांना दिसत नाही. चमचा मात्र रिकामा होताना स्पष्ट दिसतो. सरकारी विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा मूर्तीवरून खाली जाणारा ओघळ सगळ्यांना दिसला. या प्रयोगाने काय ठरले आणि काय ठरले नाही, हे नीट पाहिले पाहिजे. मूर्ती दूध पिते हा दावा खोटा ठरला. गणपती आहे की नाही, या प्रश्नाला त्या रंगीत दुधाचा थेंबही लागला नाही. जो दावा जगात काहीतरी घडते असे सांगतो, तो तपासता येतो. नवसाने रोग बरा होतो, मंत्राने विष उतरते, हे दावे त्याच जातीचे आहेत. जो ईश्वर निर्गुण, निराकार आहे आणि कोणत्याही घटनेत हात घालत नाही, त्याला पकडायला विज्ञानाकडे चिमटा नाही. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हा फरक काटेकोरपणे पाळत. समितीचा विरोध देवाला किंवा धर्माला नसून शोषणाला आणि फसवणुकीला आहे, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. एवढे साधे म्हणणे ऐकून घेणेही आपल्या समाजातल्या काहींना किती जड जाते, हे त्यातून दिसले.

आता विज्ञानाच्या मर्यादांकडे वळू. काही मर्यादा फक्त तात्पुरत्या असतात. ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये लिहिले होते की ताऱ्यांची अंतरे, आकार आणि गती आपण मोजू शकू, पण ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. कोंत विज्ञानाचा कट्टर पुरस्कर्ता होता आणि त्याचे म्हणणे अविचाराचेही नव्हते. ताऱ्याचा तुकडा प्रयोगशाळेत कोण आणणार? १८५७ मध्ये तो वारला. त्यानंतर दोनच वर्षांनी किर्खहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की तापलेले प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या पट्ट्यात स्वतःच्या ठरावीक रेषा उमटवते. म्हणजे ताऱ्याचा तुकडा लागतच नव्हता, त्याचा प्रकाश पुरेसा होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून गुंटूरकडे गेली, आणि तिच्या वाटेवर दुर्बिणी लावून बसलेल्या निरीक्षकांना सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची असावी, असे आधी वाटले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयरने बारकाईने पाहिले, तेव्हा ती सोडियमच्या जागी बसेना. ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असावी, असे अनुमान निघाले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. ते पृथ्वीवर हाती लागले १८९५ मध्ये, विल्यम रॅम्सेला. ‘कधीच कळणार नाही’ म्हटलेली गोष्ट कळली, एवढेच नव्हे, तर पृथ्वीवर माहीत नसलेले मूलद्रव्य आधी सूर्यात सापडले. अज्ञानाच्या जागेवर जो आपले घर बांधतो, त्याला ते असे अवचित खाली करावे लागते.

पण या यशावरून विज्ञानाला सगळे कळेलच, असे म्हणणेही चूक ठरेल. युरेनस हा ग्रह गणिताने ठरलेल्या वाटेवरून थोडा सरकतो, हे लक्षात आल्यावर फ्रेंच गणिती ल व्हेरिए याने पलीकडे एक न दिसलेला ग्रह असणार असे मानून त्याची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत त्या जागेपासून एका अंशाच्या आतच नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही शतकाला सुमारे ३८ विकलांचा फरक उरतो असे दिसले, तेव्हा १८५९ मध्ये त्याच ल व्हेरिएने तीच युक्ती वापरली. सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार, असे त्याने मांडले. त्याला व्हल्कन हे नावही मिळाले आणि तो दिसल्याच्या बातम्याही आल्या. तो ग्रह नव्हताच. १९१५ मध्ये आईनस्टाईनने दाखवले की चूक न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच होती. शास्त्रज्ञ तोच, युक्तिवादाची रीत तीच, पण एकदा नवा ग्रह मिळाला आणि एकदा पायाच बदलावा लागला. विज्ञानावर भरवसा का ठेवायचा, याचे उत्तर या दुसऱ्या प्रसंगात आहे. विज्ञान चुकते, पण चूक कुठे पकडायची याची सोय त्याने स्वतःच करून ठेवलेली असते. व्हल्कन शोधायला आकाश सगळ्यांना मोकळे होते, आणि तो नाही असे म्हणण्याने कोणाचा धर्म बुडत नव्हता.

याहून खोल मर्यादाही आहेत. आजच्या हिशेबाने विश्वातल्या एकूण ऊर्जा-द्रव्यापैकी ओळखीचे द्रव्य जेमतेम ५ टक्के आहे. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा कशाची आहे, हे माहीत नाही. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. जिथला प्रकाश तेवढ्या काळात आपल्यापर्यंत पोचलेला नाही, तिथले आपल्याला काही दिसत नाही. आणि काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, या प्रश्नाला तर कोणता प्रयोग लावावा हेही सुचत नाही. इथे आस्तिक म्हणतो, निदान इथे तरी देव मान्य करा. याला सर्वांत चांगले उत्तर एका धर्मगुरूच्या वागण्यात सापडते. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची आणि त्याच्या आरंभाची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन शास्त्रज्ञ कॅथलिक पाद्री होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाचा हा सिद्धांत ईश्वरी निर्मितीला दुजोरा देतो अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा लमेत्रलाच ते पटले नाही. त्याची श्रद्धा पक्की होती, पण उद्या बदलू शकणाऱ्या सिद्धांताच्या खांद्यावर ती द्यायला तो तयार नव्हता. नास्तिकाचे म्हणणेही त्याच्या शेजारीच बसते. विश्वाचे कारण देव, असे म्हटले की देवाचे कारण काय हा प्रश्न उरतोच. तो अनादी आहे असे उत्तर दिले, तर तीच सवलत विश्वाला का द्यायची नाही? ‘माहीत नाही’ या उत्तराने मनाचे समाधान होत नाही हे खरे. पण समाधान होते म्हणून एखादे उत्तर खरे ठरत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येतो : नास्तिकही शेवटी श्रद्धेवरच चालतो. निसर्गाचे नियम उद्याही असेच राहतील, याचा पुरावा त्याच्याकडे कुठे आहे? हा आक्षेप आपल्याकडे फार जुना आहे, आणि गंमत म्हणजे तो सर्वांत तिखटपणे मांडला तो चार्वाकांनी. धूर दिसला की अग्नी असणारच, हे अनुमान त्यांनी अडवले. सगळ्या काळातला, सगळ्या ठिकाणचा धूर पाहिला आहे कोणी? मग ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती ठरवली कशी? पुढच्या काळातल्या पुरंदर या चार्वाकपंथीयाने व्यवहारापुरते अनुमान मान्य केले, पण जिथे पडताळा घेताच येत नाही त्या परलोकासारख्या विषयांत नाही. चार्वाकांच्या शंकेला दहाव्या शतकाच्या सुमारास नैयायिक उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर मार्मिक आहे. संशयालाही हद्द असते, आणि संशय घेणाऱ्याचे स्वतःचे वागणे जिथे त्या संशयाला खोटे पाडते, तिथे ती हद्द येते. धूर हवा असताना जो विस्तव शोधतो, त्याचा धूर-विस्तवाच्या नात्यावर खरा संशय नसतोच. उदयनाचार्य ईश्वर सिद्ध करायला निघाले होते, पण त्यांचे हे उत्तर नास्तिकालाही उपयोगी पडते. निसर्गात नियमितपणा आहे, हे गृहीत आस्तिक आणि नास्तिक दोघेही रोज चूल पेटवताना मानतात. ते सिद्ध करता येत नाही, हे नास्तिकाने मोकळेपणाने कबूल करावे. मात्र सगळ्यांना टाळता न येणारे एक गृहीत मानणे आणि त्यावर एक टाळता येण्याजोगे गृहीत चढवणे, या दोन गोष्टींना एकाच ‘श्रद्धा’ शब्दात कोंबता येत नाही.

दुसरा आक्षेप नीतीचा. विज्ञान अणू फोडून दाखवील, पण तो कोणावर टाकू नये हे सांगणार नाही, मग नास्तिक चांगले-वाईट ठरवतो कशावरून? विज्ञानाची ही मर्यादा खरी आहे. काय आहे हे कळले म्हणून काय असावे ते आपोआप कळत नाही. पण देवाची आज्ञा मधे आणूनही हे काम सुटत नाही, कारण ती आज्ञा चांगली आहे हे ठरवायला माणसाचीच बुद्धी लागते. महाराष्ट्राच्या सुधारणेचा इतिहास याला साक्षी आहे. महात्मा फुले निर्मिक मानत, आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तकच ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या नावाचे आहे. आगरकर देवाबाबत अज्ञेयवादी. तरी बाईच्या आणि जातीने खाली ढकललेल्या माणसाच्या हालांकडे दोघांनीही पाठ फिरवली नाही. त्याच काळात त्याच हालांचे समर्थन धर्मग्रंथांच्या आधाराने करणारे आस्तिकही होते. दुसऱ्याचे दुःख दिसणे आणि ते आपल्याला लागणे, हा नीतीचा उगम दोन्ही घरांत सापडतो, आणि दोन्ही घरांत आटूही शकतो.

म्हणून नास्तिकाकडून अपेक्षा ठेवायची ती अशी : ज्या दाव्याची तपासणी होऊ शकते, तो त्याने निर्भयपणे तपासावा. ज्याची होऊ शकत नाही, त्याबद्दल विज्ञानाच्या नावाने निकाल देऊ नये. आपण मानत नाही याचे कारण ‘पुरावा पुरेसा नाही’ एवढेच आहे, हे त्याने विसरू नये, आणि पुरावा आला तर मत बदलण्याची तयारी ठेवावी. आस्तिकाकडूनही एकच मागणे आहे. श्रद्धा ठेवायची तर ती आपल्या अनुभवावर, परंपरेवर, प्रेमावर ठेवा, विज्ञानाच्या न सुटलेल्या गणितांवर नको. ती गणिते दोघांचीही आहेत. अज्ञानाच्या त्या जमिनीची मोजणी अजून चालू आहे, आणि मोजणी पुरी होण्याआधी तिच्या सातबाऱ्यावर कोणी नाव चढवू नये.