कोळंबी तलावाच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण : ब्लीचिंग पावडर किती आणि कशी वापरावी?

पांढरे ठिपके रोग भारतातील कोळंबी संवर्धनात १९९४ पासून ठाण मांडून आहे. या विषाणूजन्य रोगावर औषध नाही. लक्षणे दिसल्यावर ३ ते १० दिवसांत तलावातील जवळपास सगळी कोळंबी मरू शकते. त्यामुळे बीज तपासून घेण्याइतकेच बीज सोडण्यापूर्वी पाणी निर्जंतुक करणे महत्त्वाचे आहे.

विषाणू पाण्यातून कसा येतो?

खाडीच्या पाण्याबरोबर खेकडे, नैसर्गिक कोळंबी आणि त्यांची पिल्ले आत येतात. ती निरोगी दिसली, तरी त्यांच्या अंगात विषाणू असू शकतो. मोकळा विषाणूही पाण्यात काही दिवस टिकतो.

कामाचा क्रम

- भरतीचे पाणी बारीक जाळीच्या पिशवीतून गाळून साठवण तलावात घ्या.
- पाणी २ ते ३ दिवस स्थिर ठेवा. गाळ खाली बसतो आणि गाळणीतून सुटलेली अंडी फुटतात. गढूळ पाण्यात बरेचसे क्लोरीन गाळावरच खर्ची पडते.
- ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून संध्याकाळी सगळीकडे पसरवा. उन्हात क्लोरीन लवकर नष्ट होते.
- त्याआधी चुना टाकू नका. सामू वाढला की क्लोरीनचा परिणाम घटतो.
- पाणी एकसारखे मिसळण्यासाठी एरेटर चालवा.
- क्लोरीन पूर्ण उतरल्याची किटने खात्री करूनच पाणी संवर्धन तलावात घ्या.

मात्रेचा हिशेब

३० टक्के क्लोरीन असलेली पावडर साधारणपणे ६० पीपीएम, म्हणजे दर घनमीटर पाण्यास ६० ग्रॅम वापरतात. साठवण तलाव १ एकर (सुमारे ४,००० चौरस मीटर) आणि पाणी १.२ मीटर खोल असेल, तर पाणी ४,८०० घनमीटर आणि पावडर २८८ किलो लागते.

फसगत इथेच होते. जुन्या किंवा ओल लागलेल्या पोत्यात क्लोरीन २० टक्केच उरले असेल, तर त्याच कामाला ४३२ किलो पावडर लागेल. २८८ किलोच टाकली तर पैसे जातात आणि खेकड्याची पिल्लेही जगतात. म्हणून वापरण्यापूर्वी पावडरीतील क्लोरीनचे प्रमाण तपासून घ्या.

काळजी

हातमोजे, मास्क आणि चष्मा वापरा. वाऱ्याकडे पाठ करून फवारा. कोळंबी असलेल्या तलावात ही मात्रा कधीही टाकू नका.

रोग आलाच, तर तलावाचे पाणी तसेच खाडीत सोडू नका. ते अडवून क्लोरीनने निर्जंतुक करा आणि शेजाऱ्यांना लगेच कळवा. खाडी सगळ्यांची एकच आहे. तुम्ही सोडलेले पाणी पुढच्या भरतीला शेजाऱ्याच्या पंपात जाते.