संगीत नाटकांची चित्रपटरूपांतरे

रंगभूमीवर गाजलेल्या संगीत नाटकाचे कथानक, पदे व चाली यांच्या आधारे निर्मिलेले चित्रपट. अशा चित्रपटांच्या बाबतीत प्रेक्षकांमध्ये बहुधा दोन पक्ष पडतात. मूळ नाटक पाहिलेल्यांना रूपांतर उणे वाटते, तर नव्या प्रेक्षकांना त्यातून एका अपरिचित परंपरेची ओळख होते. हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा नसून त्याचे मूळ दोन माध्यमांच्या प्रकृतिभेदात आहे.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या शाकुंतल (१८८०) या नाटकापासून प्रस्थापित झालेल्या मराठी संगीत रंगभूमीवर पद हे केवळ संवादाचे गेय रूप नव्हते. गायक-नटाच्या प्रतिभेला वाव देणारे ते स्थान होते. एकच पद प्रत्येक प्रयोगात निराळ्या विस्ताराने गायिले जाई आणि ‘वन्समोअर’ मिळताच पुन्हा रंगे. श्रोत्यांची दाद हा प्रयोगाचाच एक घटक असे. चित्रपटात गीत एकदाच ध्वनिमुद्रित होते, त्याची लांबी ठरलेली असते आणि प्रेक्षकाच्या प्रतिसादाने त्यात काहीही बदल संभवत नाही. म्हणून ज्याला नाटक म्हणजे प्रत्यक्ष गायन असे वाटते, त्याच्या दृष्टीने चित्रपटात मूळ कृतीच हरवते. ज्याला नाटक म्हणजे कथा व चाली असे वाटते, त्याला ती टिकली असे वाटते.

बोलपटाच्या आरंभकाळी हे अंतर फारसे जाणवत नव्हते. आलम आरा (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट पारशी रंगभूमीवरील नाटकावर आधारलेला होता, तर अमानत यांच्या उर्दू गीतनाट्यावरून काढलेल्या इंद्रसभा (१९३२) या बोलपटात सुमारे ७० गीते होती. मानापमान (१९११) या कृ. प्र. खाडिलकरांच्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हेच अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटाचे नायक व संगीत दिग्दर्शक होते. तथापि बालगंधर्वांच्या उदाहरणाने माध्यमभेद स्पष्ट झाला. बाबूराव पेंटर यांनी दिग्दर्शित केलेल्या साध्वी मीराबाई (१९३७) या चित्रपटात त्यांनी मीराबाईची भूमिका केली. रंगमंचावर अंतर, दिव्यांचा प्रकाश व रूढ संकेत यांमुळे पन्नाशीजवळचा नटही स्त्रीभूमिकेत शोभून दिसे. जवळून टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे त्या संकेताचा आधार उरत नाही. दुर्गा खोटे यांच्यासारख्या अभिनेत्री तोवर पडद्यावर स्थिरावल्या होत्या.

अलीकडील काळातील सर्वांत लक्षणीय उदाहरण कट्यार काळजात घुसली हे होय. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे असून खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी अजरामर केली. सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. अभिषेकींच्या काही चाली त्यात राखल्या असून शंकर–एहसान–लॉय यांच्या नव्या रचनांची व एका कव्वालीची भर घातली आहे. पदांचा संक्षेप व भव्य वाद्यमेळ यांबद्दल जुन्या रसिकांनी नापसंती दर्शविली. उलट शास्त्रीय संगीताकडे न वळलेला तरुण वर्ग या चित्रपटाकडे मोठ्या संख्येने आकृष्ट झाला.

येथे भूमिका व आवाज यांची फारकतही वादाचा विषय ठरली. पडद्यावर सचिन पिळगावकर खाँसाहेब आहेत, परंतु त्यांच्यासाठी गायले आहेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. सदाशिवाचा आवाज अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांचा आहे. काळे यांना या चित्रपटातील गायनाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार लाभला. असाच वाद माय फेअर लेडी या संगीतिकेबाबत पूर्वी झाला होता. रंगमंचावर (१९५६) जूली अँड्रूज स्वतः गात असत. चित्रपटात (१९६४) ऑड्री हेपबर्न यांच्या बहुतेक गीतांना मार्नी निक्सन यांचा आवाज देण्यात आला. चित्रपटाला सर्वोत्कृष्टतेचे ऑस्कर मिळूनही तो आक्षेप ओसरला नाही.

भावे यांनीच संगीत मानापमान (२०२५) हा चित्रपट केला. मूळ कथानक व पात्रयोजना यांत मोठे फेरफार करूनही त्याला कट्यारइतके यश लाभले नाही. या दोन कृतींतील फरक बोधप्रद आहे. कट्यारमध्ये दोन घराण्यांच्या गायकीतील संघर्ष हाच कथाविषय असल्याने गीत गाळल्यास कथाच उरत नाही. मानापमानात धन व शौर्य यांतील मानापमानाची कथा पदांवाचूनही सांगता येते. त्याची मोहिनी मुख्यतः टेंबे यांच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चालींत आणि त्या रंगविणाऱ्या गळ्यांत होती. तेव्हा मूळ कृतीशी एकनिष्ठता हा रूपांतराचा एकमेव निकष ठरत नाही. गीत कथेत कोणते कार्य करते आणि ते कार्य पडद्यावर टिकते किंवा नाही, हा अधिक महत्त्वाचा निकष होय.

या प्रश्नाला सांस्कृतिक बाजूही आहे. संगीत नाटकाच्या प्रयोगास गाणारे नट, साथीदार व सुसज्ज नाट्यगृह लागते. त्यामुळे मुंबई-पुण्यातील रसिक नाटक व चित्रपट यांची तुलना करू शकतो. हिंगोली जिल्ह्यातील वसमतसारख्या तालुक्याच्या गावी मात्र अनेकांना ही पदे प्रथम पडद्यावरूनच ऐकावयास मिळतात. त्यांच्या दृष्टीने चित्रपट हा नाटकाचा पर्याय नसून त्याच्याकडे नेणारी वाट आहे. तथापि चित्रपटाने पदाचे एकच रूप कायमचे ठरून जाते. ते रूपच मूळ मानले गेले, तर प्रत्येक प्रयोगात नव्याने गाण्याची जी मुभा संगीत नाटकाचा प्राण आहे, ती लोप पावण्याचा संभव असतो. जुन्या रसिकांच्या तक्रारीतील तथ्य एवढेच, पण ते दुर्लक्षणीय नाही.