विश्लेषण : धंदा नफ्यात, गल्ला रिकामा… छोट्या उद्योजकांची उधारी वेळेत का येत नाही?

ऑर्डर भरपूर, यंत्रे दोन पाळ्यांत सुरू, हिशेबाच्या वहीत नफाही दिसतो. तरीही सात तारखेला कामगारांचा पगार द्यायला मालकाला उसनवारी करावी लागते. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लहान वर्कशॉप चालवणाऱ्यांना हे चित्र नवे नाही. अडचण बहुतेक वेळा कामाची नसते, वसुलीची असते.

नफा असून पैसा का नसतो?

नफा बिलावर दिसतो, पैसा मात्र बँकेत जमा झाल्यावरच येतो. समजा, एक वर्कशॉप महिन्याला ४ लाखांचे जॉबवर्क करते. खर्च ३ लाख ४० हजार, नफा ६० हजार. ग्राहकाने ४५ दिवसांत पैसे दिले, तर कोणत्याही वेळी साधारण ६ लाख रुपये येणे असतात. तोच ग्राहक १२० दिवस लावू लागला, तर हा आकडा १६ लाखांवर जातो. वाढलेल्या १० लाखांपैकी साडेआठ लाख हा मालकाने आधीच खिशातून केलेला खर्च असतो. ही रक्कम १२ टक्के व्याजाने उचलली, तर महिन्याला ८,५०० रुपये व्याज जाते. म्हणजे नफ्याचा सुमारे सातवा हिस्सा ग्राहकाच्या उशिरापायीच संपतो.

त्यात जीएसटीची भर पडते. नियमित करदात्याने बिल केले, की ग्राहकाचे पैसे आले नसले तरी कर भरावा लागतो.

कायदा काय सांगतो?

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ मध्ये आला. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात. ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरले नसेल, तर मुदत १५ दिवसांची असते. ऑर्डरवर ‘९० दिवसांत पेमेंट’ असे छापले असले, तरी या कायद्यापुढे ते टिकत नाही.

उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. माल मिळाल्यावर १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला तो दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. तीन महिन्यांनी ‘क्वालिटी बरोबर नव्हती’ म्हणून बिल अडवणाऱ्यांना ही तरतूद उत्तर आहे.

प्राप्तिकराशी संबंध काय?

२०२३ च्या अर्थसंकल्पात कलम ४३ बी (एच) आणले गेले आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते लागू झाले. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येते. वर्षअखेर रक्कम थकीत राहिली तर त्याचे करपात्र उत्पन्न वाढते. त्यामुळे मार्चमध्ये जुनी बिले निकाली काढण्याची निकड वाढली. मात्र खरेदीदार नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळतील, अशी भीतीही तेव्हा व्यक्त झाली.

याचा लाभ कोणाला?

यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती आधारच्या साह्याने ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. त्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही. माल पाठवण्याआधीच नोंदणी करून तिचा क्रमांक बिलावर छापणे शहाणपणाचे. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल व अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेले उद्योग सूक्ष्म गटात येतात, तर १०० कोटींपर्यंत उलाढाल व २५ कोटींपर्यंत गुंतवणूक असलेले लघु गटात. मध्यम उद्योगांना आणि केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना विलंबित देयकांचे हे संरक्षण मिळत नाही.

मग तक्रारी कमी का होतात?

थकबाकीसाठी सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यावा, असे कायदा म्हणतो. निकालाविरुद्ध न्यायालयात जाताना खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. पण ज्याच्याकडून निम्मे काम मिळते, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? आज तक्रार, उद्या ऑर्डर बंद. त्यामुळे ‘साहेब बाहेर आहेत’, ‘फाइल अकाउंट्सला गेली आहे’ ही उत्तरे निमूटपणे ऐकून घेतली जातात. म्हणूनच एकाच ग्राहकावर विसंबून राहणे हा केवळ विक्रीचा धोका नाही. त्याने हक्क मागण्याची ताकदही जाते.

रोजच्या कामात काय करता येईल?

भाव ठरवतानाच पैशांची तारीख ठरवावी आणि ती ऑर्डरवर लिहून घ्यावी. माल देताना चलनावर सही, शिक्का आणि तारीख घ्यावी. बिल त्याच दिवशी पाठवावे. महिनाअखेरीपर्यंत थांबले की वसुलीही तितकीच लांबते. मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी आठवण करावी. मालकाला संकोच वाटत असेल तर हिशेबनिसाने ईमेल पाठवावा, म्हणजे नोंदही राहते. १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेले जीएसटी क्रेडिट परत करावे लागते, हे सौम्य शब्दांत सांगितले तरी अनेकदा फाइल हलते.

ग्राहक मोठी कंपनी असेल, तर ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेचा विचार करावा. तिथे कंपनीने मान्य केलेल्या बिलावर बँक वा वित्तसंस्था थोडी रक्कम कापून आधी पैसे देते. पुढे कंपनीने पैसे थकवले, तरी ते पुरवठादाराकडून वसूल केले जात नाहीत. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना इथे नोंदणीसाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत होती.

आणि दर सोमवारी एक यादी करावी : कोणाकडे किती, किती दिवसांपासून. जुनी थकबाकी फेडल्याशिवाय नवा माल नाही, ही मर्यादाही आधीच ठरवावी. अशा ग्राहकाची मोठी ऑर्डर नाकारणे जड जाते. पण ती घेतली तर पुढच्या सात तारखेचा पगारही उसनवारीवरच होतो.