फेंडर कापण्याआधी: ट्रॅकसाठी रुंद टायर बसवायचे तर

आजचा भाग गॅरेजमधला आहे. ‘ट्रॅक डेसाठी रुंद टायर टाकायचेत, फेंडर रोल करू की कापू?’ हा प्रश्न बऱ्याच जणांनी पाठवलाय. माझा उलटा प्रश्न: गाडी ट्रॅकपर्यंत जाणार कशी?

मी मसोलीचा, म्हणजे डहाणूचा. आमच्याकडून चारोटी नाक्यावर आलं की राष्ट्रीय महामार्ग ४८ लागतो. हाच रस्ता मुंबई, पुणे, बेंगळुरू करत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जातो, आणि रेसट्रॅकही तिथेच आहे. अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास. ट्रॅकवर आपण दिवसभरात फार तर शे-दीडशे किलोमीटर मारणार. म्हणजे गाडी ट्रॅकसाठी बनवली तरी जास्त धावणार रस्त्यावरच. हे डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

रुंद टायर करतो काय?

‘रुंद टायर म्हणजे जास्त रबर जमिनीवर’ हे अर्धवट खरं आहे. एका चाकावर २७५ किलो वजन आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने १२० चौरस सेंटीमीटर. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर हा आकडा फारसा वाढत नाही. बदलतो तो आकार. टेकणारा भाग आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. त्यामुळे वळणावर टायर कमी पिळवटतो, आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते. ट्रॅकवर सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी ताणताना याचा फायदा होतो. पण पहिल्यांदाच जात असाल, तर कंपनीच्याच मापात चांगल्या ग्रिपचा टायर घ्या. फेंडरला हात लावायची वेळच येणार नाही.

आता गणित

१८५/६० आर१५ टायरचा व्यास ६०३ मिलिमीटर. २०५/५५ आर१५ चा साधारण ६०६. उंची जवळपास तीच, रुंदी २० मिलिमीटर जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. खरी गडबड रिम करते. समजा ६ इंची, ईटी ४० ची रिम काढून ७ इंची, ईटी ३५ ची लावली. रिमची बाहेरची कड जवळपास १८ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली ८ मिलिमीटर आत सरकते. ईटी म्हणजे ऑफसेट. हा आकडा न बघता रिम घेतली, की दोष फेंडरला दिला जातो.

आणि गॅप कधीही गाडी उभी असताना मोजू नका. सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना मोजा. सोपी युक्ती: फेंडरच्या आतल्या कडेला लहान मुलांची खेळायची क्ले चिकटवा, पूर्ण लोड घेऊन स्पीडब्रेकरवरून हळू जा, आणि क्ले कुठे खरवडली ते बघा.

तीन मार्ग

पहिला, रोलिंग. फेंडरची आतली कड आडवी दुमडलेली असते. हबला लावायच्या रोलरने ती वर दाबून सपाट करतात. आधी हीट गनने पेंट गरम करावा लागतो, नाहीतर तडे जातात. यातून थोडेच मिलिमीटर मिळतात, पण बहुतेकदा तेवढे पुरतात.

दुसरा, पुलिंग. त्याच रोलरने अख्खी कमान बाहेर ओढायची. जागा जास्त मिळते, पण पत्रा लाटेसारखा होऊ शकतो, आणि मग पुट्टी-पेंटचा खर्च आलाच.

तिसरा, कापून वर फ्लेअर बसवणं. बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढचं फेंडर बोल्टने बसवलेलं असतं, बिघडलं तर बदलता येतं. मागचं तसं नाही. ते बॉडी शेलचाच भाग असतं. आतला आणि बाहेरचा पत्रा कडेला स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. ती कड कापली की जोड उघडा पडतो. तो परत वेल्ड करून, सीलर आणि प्रायमर लावूनच बंद करायला हवा. नुसते स्क्रू मारून वर प्लास्टिक लावलं, तर पाणी आत जाणार. आमच्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा किती पटकन गंजतो, हे डहाणूत कुणालाही विचारा.

बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एम३ ची फुगलेली फेंडर्स आठवतात? रेसिंगच्या नियमासाठी कंपनीला तशा ५,००० रोड कार बनवाव्या लागल्या. ती रुंदी मूळ डिझाइनमध्येच होती; सस्पेन्शन, रिम, बॉडी सगळं एकमेकांना धरून.

रस्ता आणि कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला, तर क्लेम अडकू शकतो तो वेगळाच.

पण दंडापेक्षा मला भीती टायरची वाटते. ट्रॅकवर गाडीत तुम्ही एकटे असता. घरी येताना चार जण, डिकीत सामान, आणि पुढे खड्डा. सस्पेन्शन पूर्ण खाली बसतं, आणि कापलेल्या पत्र्याची धार टायरच्या बाजूच्या भिंतीला लागते. हायवेच्या वेगात तिथेच टायर फुटला, तर बाजूच्या लेनमधल्या बाइकवाल्याचा यात काय दोष?

म्हणून माझा क्रम असा: आधी चांगला टायर, मग योग्य ऑफसेटची रिम, मग क्ले टेस्ट. कापाकापी फक्त त्या गाडीची, जी फ्लॅटबेडवर ट्रॅकला जाते आणि फ्लॅटबेडवरच परत येते.

तुमच्या गाडीचा टायर साइझ आणि रिमचा ईटी नंबर कमेंटमध्ये टाका, आपण गणित मिळून करू. पुढच्या भागात ब्रेक पॅड. भेटूच!